स्वकीय

‘घरादारावर तुळशीपत्र ठेवून’ एवढं टाइप झालं आणि तिची बोटं थांबली. थांबायचं काही कारण नव्हतं. हे शब्द तिने बावीस वर्षांत तेवीस वेळा टाइप केले होते, कारण एका वर्षी सन्मान दोघांत विभागून दिला होता. ‘ज्यांनी अहोरात्र जनसेवेचे व्रत अंगीकारले’ हे पुढचं बोटांना पाठ होतं, डोक्याने त्यात पडायची गरज नसे. पण आज मानपत्राच्या वरच्या ओळीत नाव होतं ते तिच्या धाकट्या भावाचं, आणि त्याचं घरदार म्हणजे कोण, हे एकदम तिच्या ध्यानात आलं. घरदार म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत सहा वर्षं पलंगावर पडून असलेली आई, आणि कमरेला पट्टा बांधून त्या पलंगाभोवती फिरणारी ती. ते पान ठेवलं होतं ते तिच्यावर. बाकीच्या तेवीसजणांच्या घरीही कोणीतरी असणारच, बायका, बहिणी, सभागृहात मागच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्या. हे वाक्य कानावर पडताना त्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्न तिला बावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. तिला आधी त्यांचीच लाज वाटली. रागाला जरा वेळ लागला.

सभा शाखेत तिचं टेबल खिडकीपाशी होतं. सभेची इतिवृत्तं लिहायची आणि वर्षातून एकदा उत्कृष्ट लोकप्रतिनिधीचं मानपत्र रचायचं, हे तिचं काम. पाठीमागे तिला विशेषणबाई म्हणत, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईट वाटत नसे. माणूस कसाही असो, त्याला मापाचं विशेषण शिवून देणं ही कारागिरीच होती. एका सदस्याने पाच वर्षांत सभागृहात तोंड उघडलं ते एकदाच, पंखा कमी करा म्हणायला. त्याला तिने ‘मितभाषी आणि कृतिशील’ म्हटलं होतं. त्याने ते मानपत्र दिवाणखान्यात लावलं होतं म्हणे. या वर्षी भावाची निवड झाल्याचं सांगताना शाखेचे साहेब हसून म्हणाले होते की घरचंच कार्य आहे, तुम्हाला सोपं जाईल. तीही हसली होती. आता तिने ती अर्धी ओळ खोडली, कोऱ्या पडद्याकडे बघत बसली, आणि तिच्यात ते जुनं काहीतरी घट्ट होऊ लागलं. लहानपणी आई म्हणायची, ही रडते तेव्हा काळजी नाही, गप्प बसते तेव्हा सांभाळा. या वेळी जे पडताळून पाहिलेलं नाही असं एकही वाक्य लिहायचं नाही, असं तिने ठरवलं. सन्मान ‘घरपोच शुश्रूषा’ योजनेसाठी होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी आठवड्यातून तीनदा पालिकेची नर्स येते, अंग पुसते, कूस बदलते, जखमा बघते. ती योजना भावाने भांडून आणली, आधी त्याच्या प्रभागात आणि मग साऱ्या शहरात. तारखा तपासायच्या म्हणून तिने आवक-जावकच्या बाईंना आरोग्य विभागातून मूळ फाइल मागवायला सांगितलं. कशाला एवढा खटाटोप, असं त्या बाई म्हणाल्या, पण दुपारी फाइल टेबलावर आली.

तीन वर्षांपूर्वीची फाइल. वरून सहावा कागद तिच्याच अक्षरातला होता. आईसाठी केलेला अर्ज. त्यामागे पहिल्या लाभार्थ्यांची यादी होती, टाइप केलेली, बारा नावांची, आणि पहिलंच नाव आईचं. त्या नावावर पट्टीने मारावी तशी सरळ रेघ होती आणि समासात पेनाने लिहिलं होतं, ‘स्वकीय असल्याने वगळावे’. खाली भावाची सही. सही पाहायची गरजच नव्हती. ‘वगळावे’मधला तो ‘ळ’ तिने शिकवलेला होता. तो पहिलीत असताना त्याला ‘ळ’ जमेना, दोन्ही गाठी एकाच बाजूला जायच्या, तेव्हा स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून तिने त्याचा हात धरून ओल्या बोटाने पंचवीस वेळा तो गिरवून घेतला होता. ओला ‘ळ’ वाळून जायचा आणि तो म्हणायचा, ताई, गेला, परत काढू. तिने त्या अक्षरावर बोट ठेवलं. बोटाला शाई लागत नव्हती, तीन वर्षांत ती कागदात मुरली होती. खाली आवारात कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती, तो आवाज ती बराच वेळ ऐकत राहिली.

राग आला तो रेघेचा नव्हता. अर्ज केल्यावर तीन महिन्यांनी तिने त्याला फोन केला होता, तो फोन तिला आता शब्दन् शब्द आठवला. शेजारच्या दोन गल्ल्यांत नर्स यायला लागली होती आणि आईच्या पाठीवर पहिली जखम झाली होती. तो म्हणाला होता, यादी वरून येते गं ताई, माझ्या हातात नसतं, बघतो. आवाज नेहमीचा होता, मागे माणसांची गर्दी, कोणाच्या तरी नळाची तक्रार. मग तिने पुन्हा विचारलं नाही. पालिकेत नोकरी करणाऱ्याने पालिकेच्या रांगेत पुढे घुसू नये, असं तिला वाटत असे; हा शहाणपणा तिला तिच्या वडिलांनी दिला होता आणि बहुधा त्यालाही त्यांनीच दिला होता. तो रविवारी यायचा. वीस मिनिटं. खुर्ची पलंगाशी ओढायचा, आईचा हात हातात घ्यायचा, डोळे मात्र सगळीकडे फिरायचे, चादर कशी घातली आहे, उशा कुठे आहेत, औषधाचं टेबल किती उंच आहे. कधी विचारायचा, हे असं का धरतेस, आणि ती दाखवायची. तिला वाटायचं, याला आईची काळजी आहे. होतीही. वीस मिनिटांनी फोन वाजायचा आणि प्रभागातलं कोणीतरी आजारी असायचं किंवा गेलेलं असायचं. तो जिन्यावरून धावत उतरायचा. तो सगळ्यांच्या घरी जातो याचा तिला अभिमान होता, हे तिने स्वतःशी कबूल केलं. अभिमान होता म्हणूनच तीन वर्षं तिने तोंड उघडलं नाही. ती ऑफिसात असताना खालच्या मजल्यावरच्या काकू आईपाशी बसत. त्यांनी आपलं शिवणयंत्रच वर आणून ठेवलं होतं. यंत्र चालू असलं की आई शांत राही. संध्याकाळी ती घरात शिरली की आई काकूंना सांगे, सिस्टर आल्या, आता तुम्ही जा. मग तिच्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणे की मला एक मुलगी आहे, पण तिला वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि यादीतल्या दुसऱ्या नावाच्या घरी गेली. आता ते पहिलं नाव होतं. दोन गल्ल्या सोडून राहणारे एक निवृत्त ड्रायव्हर, त्यांची बायको पाच वर्षं पलंगावर. मानपत्रासाठी माहिती हवी आहे एवढंच तिने सांगितलं, कोण आहे ते सांगितलं नाही. ड्रायव्हरने तिला आत नेलं. खोली स्वच्छ होती, खिडकीत ओले टॉवेल वाळत होते, पलंगावरची बाई डोळे मिटून होती आणि तिची पाठ, ड्रायव्हरने चादर बाजूला करून अभिमानाने दाखवली ती पाठ, कुठे डागही नसलेली होती. तो सांगत राहिला. नर्स पहिल्यांदा आली त्या दिवशी तो बाहेरच्या खोलीत जाऊन झोपला आणि दुपार संपली तरी उठला नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत दिवसा झोपला नव्हता. नर्स येणार नाही त्या दिवशी काय करायचं, हेही नगरसेवक साहेबांनी स्वतः येऊन शिकवलं. चादर दोन्ही हातांनी अशी गुंडाळून धरायची, आपला गुडघा पलंगाच्या कडेला टेकवायचा आणि ओढायचं नाही, मागे झुकायचं. तो करून दाखवत होता आणि ती बघत होती. गुडघा टेकवायची ती युक्ती तिची होती. कंबर गेल्यावर तिने स्वतःच्या शरीरातून ती शोधून काढली होती. तुमच्या साहेबांना हे कुठून ठाऊक, असं तिने विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, “त्यांची बहीण आहे ना. ते सगळीकडे सांगतात, हे माझ्या ताईकडून शिकलो.” ती चहाला थांबली नाही. जिना उतरताना तिचा हात कठड्यावर घट्ट होता. तिच्या पाठीचं दुखणं या गावातल्या कितीतरी घरांत जाऊन बसलं होतं आणि तिथे त्याचा उपयोग झाला होता. तिच्याच घरी तेवढा झाला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एकीने दुसरी पुसली जात नव्हती, आणि जी कोणती लिहायची ती दुसरीसकट लिहायची, हे ती रस्ता ओलांडेपर्यंत तिचं पक्कं झालं.

मानपत्र एका बैठकीत झालं. पाऊण पान. त्यात विशेषण एकही नव्हतं. कुठल्या सभेत त्याने योजना मांडली, ती किती वेळा फेटाळली गेली, चौथ्यांदा मांडताना त्याने आकडे कसे घरोघरी हिंडून स्वतः गोळा केले होते, आज किती घरांत नर्स जाते, हे सगळं होतं. मग तीन वाक्यं होती. ‘पहिल्या यादीतील पहिले नाव त्यांच्या आईचे होते. स्वकीय असल्याने ते त्यांनी स्वतः वगळले. त्या आईची शुश्रूषा आजवर त्यांच्या बहिणीने एकटीने केली आहे.’ फोनबद्दल तिने काही लिहिलं नाही. फोन दोघांतला होता, तो पालिकेच्या कागदावर कशाला. वाचून झाल्यावर तिला हलकं वाटलं नाही, पण टेबलाच्या कडेवर हात ठेवून उठताना नेहमीचा सणका आला तेव्हा ती थांबली नाही, तशीच साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की बाई, हे मानपत्र आहे की चौकशी अहवाल. ती म्हणाली, एखादं वाक्य खोटं असेल तर खूण करा, मी काढते. साहेबांनी पेन हातात घेतलं, कागदावर फिरवलं, कुठे टेकवायला जागा सापडली नाही. शेवटी म्हणाले की ज्याचा सन्मान त्याची संमती हवी. त्यांनी हो म्हटलं तर माझी हरकत नाही, नाही म्हटलं तर मागच्या वर्षीचं मानपत्र नाव बदलून घेऊ. म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा तिचा मसुदा तिच्या भावाच्या शेऱ्यासाठी गेला.

तो बुधवारी संध्याकाळी आला. रविवार नव्हता, तेव्हाच तिने ओळखलं. आईची कूस बदलायची वेळ झाली होती. त्याने खिशातून कागद काढला आणि म्हणाला, “ताई, ही तीन वाक्यं काढ.”

“आधी ती बाजू धर,” ती म्हणाली.

त्याने कागद खिशात घातला, चादर गुंडाळली, गुडघा कडेला टेकवला. दोघं एकदम मागे झुकली आणि आई अलगद वळली. इतकं सोपं ते कधीच झालं नव्हतं. दोन माणसं असली की असं होतं तर, तिच्या मनात आलं, आणि ती उशी ठाकठीक करत राहिली. आईने त्याला निरखून पाहिलं आणि ‘या, बसा’ म्हणाली. सिस्टर, पाहुण्यांना खुर्ची द्या. तो बसला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो बोलू लागला, सभागृहात बोलतो तसा मुद्द्याला धरून. चौथ्या वेळीही योजना जेमतेम एका मताने मंजूर झाली होती. यादीत पहिलं नाव आईचं दिसलं असतं तर विरोधकांनी दुसऱ्या दिवशी ओरड केली असती की घरच्या म्हातारीसाठी पालिकेचा खजिना उघडला, आणि योजना तिथेच बुडाली असती. अकराच्या अकरा घरं गेली असती. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तिने मनात सगळं पडताळलं, दोनदा, जसा मसुदा पडताळतात तसा, आणि खोट नव्हती.

“तू खोडलंस त्याचं मला काही नाही,” ती म्हणाली. “मला विचारलं असतंस तर कदाचित मीच रेघ मारली असती. पण तू विचारलं नाहीस. यादी वरून येते म्हणालास.”

तो म्हणाला की सांगितलं असतं तर तुला त्रास झाला असता.

“त्रास झालाच की. फक्त तो कशापायी होतोय ते मला ठाऊक नव्हतं. तू प्रामाणिक राहिलास, पण माझ्या कमरेवर. लोकांना कळू दे, प्रामाणिकपणाला पाठ कोणाची लागते ते.”

हे जर वाचलं तर मी व्यासपीठावर येणार नाही, असं तो म्हणाला. तिने सांगितलं की नको येऊस, मानपत्र पोस्टानेही जातं, जावक क्रमांक पडतो त्याला. हे बोलताना तिला हसू फुटेल की काय अशी भीती वाटली, आणि त्याच्याही ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण तो जिना उतरून गेला. या वेळी धावत नाही, एकेक पायरी. ती दारात उभी राहून तो आवाज मोजत राहिली. परत हाक मारावी असं तिला वाटलं. सहा वर्षांत तिने कितीदा स्वतःहून हाक मारली होती आणि स्वतःहून माघार घेतली होती. आज ती दार लावून आत आली, काकूंच्या यंत्रावरचं झाकण नीट केलं, आणि पिशवीतून कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला.

समारंभ रविवारी सकाळी अकराला होता. कुठला कागद वाचला जाणार हे साहेबांनी तिला सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. सवयीप्रमाणे ती तिसऱ्या रांगेत कडेला बसली. पुढे वहिनी होती, नवी साडी, मान ताठ. भाऊ आला. महापौरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि त्याने सभागृहात कोणाकडेही पाहिलं नाही. निवेदिकेने फोल्डर उघडलं. पहिल्या वाक्यात विशेषण नव्हतं. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या आवाजात ऐकायची तिला बावीस वर्षांची सवय होती, पण आधीच्या कुठल्याच वेळी पुढचं वाक्य काय आहे याची तिला भीती वाटली नव्हती. सभा, फेटाळणी, आकडे. लोक चुळबुळत होते. एवढ्यात ‘कार्यसम्राट’ यायला हवा होता आणि टाळी पडायला हवी होती. मग मजकुरात आई आली, रेघ आली. चुळबूळ थांबली. निवेदिकेने वाचलं की त्या आईची शुश्रूषा आजवर त्यांच्या बहिणीने एकटीने केली आहे. इथे मानपत्र संपत होतं. पण निवेदिका पुढे वाचत राहिली, ‘नाव मी वगळले ही गोष्ट मी माझ्या बहिणीला तीन वर्षे सांगितली नाही व विचारल्यावर तिला खोटे सांगितले, याची नोंद या मानपत्रात माझ्या विनंतीवरून घेण्यात येत आहे.’

हे वाक्य तिचं नव्हतं. ते वाईट वाक्य होतं, लांबलेलं, ‘त्यांनी’वरून एकदम ‘मी’वर उडी मारलेलं, तिने त्याचे दोन तुकडे केले असते. ती तेच करत बसली, मनातल्या मनात वाक्य तोडत, जोडत, कारण दुसरं काही करायला तिचा चेहरा तयार नव्हता. सभागृहात टाळी पडली नाही. कोणाला कळेना ही टाळीची जागा आहे की नाही. वहिनीने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्या पाहण्यात राग होता की आणखी काही ते तिला उमगलं नाही. भाऊ उठला, सन्मानचिन्ह घेतलं, माइककडे न जाता जागेवर येऊन बसला. मग ड्रायव्हर उभा राहिला. तो मागे कुठेतरी होता. तो एकटा टाळ्या वाजवू लागला आणि त्याच्या मागून हळूहळू सगळे.

सोमवारी ती प्रभाग कार्यालयातल्या रांगेत उभी राहिली. एकोणिसावी. पुढच्या बायकांनी ओळखलं आणि जागा करून दिली, पण ती हलली नाही. नळ, दाखला, गटार, पेन्शन. एकेकाचं ऐकून घ्यायला तो लागेल तेवढा वेळ देत होता, आणि तिला दिसलं की तो खरंच ऐकतो, मान जरा डावीकडे करून, लहानपणी गोष्ट ऐकायचा तसा. हे त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये, असं तिला वाटलं. तिची पाळी आली तेव्हा पाऊण तास झाला होता आणि कंबर ठणकत होती. तिने अर्ज पुढे केला. त्याने वर पाहिलं. मागे तीसेक माणसं होती आणि सगळी ऐकत होती. त्याने अर्ज सगळ्यांचे वाचत होता तसाच वाचला, ओळीने, घाई न करता, आणि एका रकान्याशी थांबला. ‘रुग्णाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव’ हा रकाना तिने रिकामा सोडला होता. मुद्दाम नाही, तिथे काही लिहायचं असतं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने पेन उघडलं आणि तिचं पूर्ण नाव तिथे लिहिलं. मग खाली शिफारशीची सही केली, शिक्का मारला, आणि कागद परत देताना हळूच म्हणाला, “कोणी ओरड केली तर माझ्याकडे पाठव.”

“मी देईन उत्तर,” ती म्हणाली आणि आरोग्य विभागाच्या खिडकीकडे वळली.

ओरड झाली, थोडीफार, एका स्थानिक पत्रकात चार ओळींची. त्याला तिने स्वतःच्या नावाने उत्तर पाठवलं, तेही छापून आलं. पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी दहा वाजता नर्स आली, ठेंगणी, सावळी, दंडापर्यंत बाह्या दुमडलेली. तिने ऑफिसातून त्या दिवसापुरती रजा घेतली होती. नर्सने पलंगाची उंची पाहिली, हात धुतले, आईच्या पाठीवरून दोन बोटं फिरवली आणि म्हणाली की कोणीतरी चांगलं सांभाळलंय. ती चादर धरायला पुढे झाली. नर्स म्हणाली, “ताई, तुम्ही बसा. हे आता माझं काम.” खिडकीशी खुर्ची होती. ती बसली. हात मांडीवर ठेवावेत की खुर्चीच्या दांड्यांवर, ते तिला कळेना. पलंगाकडून पाण्याचा आवाज आला, आईचा कण्हण्याचा, मग थांबण्याचा, आणि प्रत्येक आवाजाला तिचे पाय उठायला निघत. तिने ते जमिनीवर दाबून धरले. नर्सचं काम पुरं होईपर्यंत उठायचं नाही, असं तिने ठरवलं, आणि ती बसून राहिली.